खिळ्यावरचा लंगडा

धाकट्या दिराला एक घाण खोड होती. समोरचा माणूस वाक्य अर्ध्यावर आणतो न आणतो, तोच हा त्याचं शेपूट पकडायचा आणि ते स्वतःच्या तोंडाने पुरं करायचा. पुरं करून झालं की चारी बाजूंना असा बघायचा, जणू सगळं वाक्यच त्याचं. लहानपणी भावाच्या ताटातलं उचलायचा, मोठेपणी भावाच्या तोंडातलं. थोरल्या वहिनीने पंचवीस वर्षं हे बघितलं आणि पंचवीस वर्षं चुलीकडे तोंड करून पुटपुटली, "एक दिवस हा माणूस दुसऱ्याची शिंकसुद्धा स्वतःची म्हणून सांगेल."

शिंक राहिली बाजूला. त्याने भावाचा मासा स्वतःचा म्हणून सांगितला.

मासा जिवंत नव्हे, लाकडाचा. थोरलीचा नवरा गळाला लावायचे लाकडी मासे करायचा. घराच्या मागच्या खोलीत एक खिडकी, खिडकीखाली लांब बाक, बाकाला शिकंजा, आणि डब्याडब्यांतून काचेचे डोळे, तारेच्या कड्या, तीन टोकांचे गळ. लाकूड तो कोरायचा. तेल पाजणं आणि रंग देणं थोरलीकडे. शाळा तिची चौथीत सुटली होती, पण तिने ब्रशाच्या दोन केसांनी काढलेल्या खवल्याला नाव ठेवायची तलावावर कुणाची छाती नव्हती. गालाखालचा लाल ठिपकाही तिचाच. ताजी जखम असावी तसा.

या माशाला सगळे लंगडा म्हणत. पाण्यात सोडला की तो बुडत नसे. पोटात, शेपटीच्या बाजूला शिशाची गोळी, म्हणून शेपूट खाली आणि तोंड वर. दोऱ्याला हलका झटका दिला की डावीकडे लचकायचा, दुसरा दिला की उजवीकडे, आणि मग जरा थांबायचा, धाप लागल्यासारखा. बघणाऱ्याला वाटावं, एखादं पिल्लू कुणाच्या तरी दातांतून निसटलंय आणि आता शेवटचं तडफडतंय. खालच्या मोठ्या माशाचं पोट भरलेलं असलं तरी तो राहत नाही. धडधाकट माशाच्या मागे तो जाईल न जाईल, पण जखमी दिसला की त्याचं डोकं ठिकाणावर राहत नाही. थोरलीचा नवरा हसून म्हणायचा, "माणसांतही असे असतात. लांब जायला नको, आमच्या घरातच एक आहे." हसायचा आणि सोडून द्यायचा. सोडून देणं ही त्याची खोड होती.

त्या खोलीची एक रीत होती. बाकाच्या वर भिंतीला तीन खिळे, आणि तीन खिळ्यांवर तीन लंगडे. परका माणूस आला की त्यांच्याकडे बघून माना डोलवायचा. त्याला वाटायचं, सगळ्यात चांगले तीन निवडून मिरवायला ठेवलेत. नवरा कुणालाच खरं सांगायचा नाही, त्याला त्यात मजा वाटायची. खरी गोष्ट उलटी होती. जमलेला मासा गिऱ्हाइकाच्या पेटीत जायचा आणि फसलेला भिंतीवर. फसलेला रोज नजरेसमोर असला की हात पुन्हा त्या वाटेला जात नाही, असं त्याचं म्हणणं.

त्यांतला मधला सगळ्यांत देखणा. नेहमी भोक पोटातून पाडून शिसं भरायचं आणि वर लाकडाची गुल्ली ठोकायची. त्या खेपेला नवऱ्याच्या डोक्यात आलं, भोक शेपटीच्या टोकातूनच सरळ आत नेलं तर? नेलं. मासा असा काही लचकला की काठावरच्या बगळ्यानेही मान वळवली. पण तासभरच. शेपटीच्या टोकाला लाकडाच्या शिरा उघड्या पडतात, तिथे कितीही तेल पाजा, त्या लाकडाची तहान भागत नाही. पाणी आत शिरलं, लाकूड भुसभुशीत झालं, कडी सैल पडली, आणि नेमका तेव्हाच त्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा मासा लागला. गळ, कडी सगळं उपटून घेऊन गेला. नवरा घरी आला, लंगडा वाळवला, नवी कडी आणि नवा गळ लावून तो मधल्या खिळ्याला अडकवला आणि म्हणाला, "यासारखा चालणारा दुसरा झाला नाही, आणि यासारखा दगा देणाराही."

हे बाकावर बसणाऱ्यालाच माहीत. धाकटा बाकावर कधी बसलाच नाही. दारात उभं राहून चहा प्यायचा आणि भुशावर कप ठेवायचा.

नवरा गेला तो हातात काचपेपर असतानाच. आठ दिवस घरात माणसांची ये-जा. धाकटा सगळ्यांत पुढे, खुर्च्या मांडतोय, डोळे पुसतोय, "मागची खोली मी झाडून घेतो वहिनी, तुम्ही बसा" म्हणतोय. नवव्या दिवशी थोरलीने मागची खोली उघडली. मधला खिळा रिकामा होता.

तिला रडू आलं नाही. तिला आली ती तिडीक. पायांत चपला अडकवल्या, दारापर्यंत गेली, त्याच्या सात पिढ्या जिभेवर आणल्या, आणि त्या तिच्या नवऱ्याच्याही पिढ्या आहेत हे आठवून थबकली. थबकली तेव्हाच डोक्यात उजेड पडला. परत फिरली. तिन्ही खिळ्यांकडे बघितलं. मग बाकावर बसली आणि हसायला लागली. लेक धावत आली. तिला वाटलं, आईच्या डोक्यावर परिणाम झाला.

"काय झालं गं?"

"तुझ्या काकाने चोरी केली."

"मग हसतेस काय?"

"नेमका तो नेला, बाई. चोराला अक्कल असती तर चोरी कशाला केली असती?"

लेक म्हणाली, आत्ताच्या आत्ता जाऊन काढून आणते. थोरलीने तिचा हात धरला. "आणायचा नाही. काही बोलायचं नाही. तू बापाच्या बाकावर बस आणि काम शिक. दार लावून."

दिवसकार्य उरकलं, आणि दुसऱ्या दिवसापासून थोरली बाजारात कमरेवर हात ठेवून चालायला लागली. चार पावलं गेली की थांबायची, धाप टाकायची, मग पुढे. शिंप्याच्या दुकानासमोर नेमकी जास्त थांबायची, कारण शिंपी म्हणजे अख्ख्या वस्तीचा भोंगा. त्याने विचारलं, "मग लंगड्याचं कसं आता?" थोरलीने हात पुढे करून दाखवला. हात थरथरत होता. "आता कसला लंगडा आणि कसलं काय. हे गेले, त्यांच्याबरोबर गेला." संध्याकाळपर्यंत ही बातमी तलावाला वळसा घालून आली.

लेकीने घरी विचारलं, "आई, तुझा हात कधीपासून थरथरतो?"

"बाजारात थरथरतो. घरी आला की थांबतो."

धाकटा झडप घालणार हे तिला ठाऊक होतं, फक्त इतक्या लवकर घालेल असं वाटलं नव्हतं. महिना-दोन महिन्यांत त्याने एक शेड घेतली, दोन कामगार ठेवले आणि दारावर पाटी लावली: "लंगडा. मूळ कारागीर." खाली त्याचं नाव, भावाच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत म्हणावं तर भावाचं नाव कुठे नव्हतंच. घाईच्या माणसाने दहा-वीस फेकी टाकून बघितलं, मासा झकास लचकतोय म्हटल्यावर माल काढायला सुरुवात केली. तास-दीड तास पाण्यात ठेवून बघायचं त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. स्वतःच्या लग्नातही तो तासभर एका जागी बसला नव्हता.

एवढ्यावर थोरली कदाचित गप्प राहिली असती. पण एक दिवस दातांचे डॉक्टर आले. नवऱ्याचे जुने दोस्त, वीस वर्षं दोघं एकाच दगडावर बसून गळ टाकायचे. डॉक्टर बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले आणि मग टोपी हातात फिरवत म्हणाले, "वहिनी, आमच्या गळ टाकणाऱ्यांच्या मंडळाने ठरवलंय. यंदाच्या स्पर्धेत लंगड्याच्या कारागिराचं नाव मंडळाच्या खोलीतल्या मोठ्या फळीवर कोरायचं. कायमचं."

"चांगलं झालं. यांचं नाव नीट लिहा म्हणावं. तुमचे अध्यक्ष मास्तरच आहेत, काना-मात्रा बघतीलच."

डॉक्टरांनी टोपी आणखी एकदा फिरवली. "तुमच्या दिराने मंडळात सांगितलंय की डोकं त्याचं होतं. म्हणाला, दादा नुसता घासायचा."

"काय करायचा?"

"घासायचा."

डॉक्टर गेल्यावर थोरलीने सगळी भांडी घासली. घासलेली पुन्हा घासली. ज्या हातात मरताना काचपेपर होता त्या हाताचं याने हे केलं होतं. 

स्पर्धेला तीन आठवडे राहिले असताना धाकटा स्वतः घरी आला. अडचण असल्याशिवाय तो यायचा नाही.

"काय वहिनी, तब्येत काय म्हणते?"

"तुमच्यासारखीच आहे, भावोजी. बोलते फार, करत काही नाही."

तो हसला. लागलं नाही त्याला, त्याची कातडी तशी जाड. "एक विचारायचं होतं. तो लाल ठिपका तुम्ही कसा द्यायचात? आमच्याकडे पसरतो हो. मासा जखमी दिसायच्या ऐवजी पान खाऊन आल्यासारखा दिसतो."

"वॉर्निश वाळायच्या आत देत असाल." थोरलीने त्याला सगळं खरं सांगितलं. किती वेळ वाळवायचं, लाल रंगात काळ्याचा थेंब किती, ब्रश कसा उभा धरायचा. काहीही राखून ठेवलं नाही. त्याचा मासा देखणाच व्हायला हवा होता.

मग त्याने खिशातून नवा मासा काढून तिच्या हातात दिला. कौतुकाला. थोरलीने तो उलटा केला. भोक शेपटीच्या टोकातून, केसाचाही फरक नाही. बाजूला लेक काचपेपरने जुना पाट घासत होती, तिचा हात थांबला.

"भावोजी, हा नमुना कुणी केला?"

"कुणी म्हणजे? मी."

"नीट आठवा. यांनी केला असेल, तुम्ही विसरला असाल. वय होत चाललं की होतं असं."

"वहिनी, दादा गेला, मला त्याच्याबद्दल वाईट बोलायचं नाही. पण तो घासायचा. कोरायला मी शिकवलं त्याला. आता खरं बोलायला लाजायचं कशाला?"

"नाहीच लाजायचं." तिने मासा फडक्याने पुसला. "आणि हे भोक शेपटीतून पाडायचं, हे पण तुमचंच?"

"तीच तर सगळी गंमत आहे वहिनी!"

"असेल बाई. डोकं तुमचं." तिने मासा त्याच्या खिशात परत ठेवला आणि खिशावर थोपटलं. त्याला वाटलं, मायेने.

तो गेला तसा लेकीने हातातला काचपेपर फेकला. "एक शब्द बोलली असतीस तर..."

"दोनदा विचारलं मी त्याला. दाढ उपटताना डॉक्टरसुद्धा एकदाच विचारतात."

"डॉक्टरकाकांनी पण त्याच्याकडून मासा घेतलाय. माहितीये ना? तुझा हात थरथरतो म्हणून घेतलाय त्यांनी."

थोरलीने वाकून तो काचपेपर उचलला. रात्री जेवण गेलं नाही तिला. पण सकाळी उठली ती पुन्हा ताठ.

स्पर्धेच्या दिवशी सूर्य वर यायच्या आधी काठावर पंचवीस-तीस माणसं काठ्या जुळवत होती. नियम साधा: आमिष पाण्यावर तरंगणारंच हवं, आणि वेळ दुपारच्या भोंग्यापर्यंत. बहुतेकांच्या दोऱ्याला धाकट्याचा लंगडा होता, स्पर्धेसाठी जपून ठेवलेला, आज पहिल्यांदाच पाण्यात उतरणारा. थोरली लेकीला घेऊन आली, घडीचं स्टूल टाकून बसली, आणि पायाशी एक बादली ठेवली, वर ताट झाकलेली.

"बादलीत काय आणलंत?" शिंप्याने विचारलं.

"पाणी."

"तलावावर पाणी आणलंत?"

"तुमच्या तोंडावर मारायला लागलं तर? असू दे."

पहिला तास धाकट्याचा. लंगडे लचकत होते, थांबत होते, तडफडत होते, आणि खालून मोठे मासे तोंड उघडून येत होते. पाणी फाटल्यासारखे आवाज. धाकटा पांढरी टोपी घालून काठाने फिरत होता. "बघा, बघा! काय चालतोय! डोकं लागतं डोकं!" मंडळाचे अध्यक्ष मास्तर, निवृत्त झाले तरी खिशात खडू असल्यासारखे चालणारे. ते वहीत वजनं लिहीत होते. धाकटा त्यांच्या खांद्यावरून वाकून म्हणाला, "नाव कोरताना आडनाव मोठं येऊ द्या."

थोरली उन्हाकडे बघत होती. घड्याळ तिला लागत नसे.

आधी शिंप्याचा लंगडा थकला. लचकला, थांबला, आणि थांबलाच. तोंड हळूहळू आकाशाकडे गेलं, मग नाकसुद्धा दिसेना. शिंपी म्हणाला, "अरे, बुडाला की हा!" पलीकडून कुणी ओरडलं, "माझा पण!" मग एकामागून एक. ज्यांचे अजून तरंगत होते त्यांच्या कड्या निसटायला लागल्या. मासा लागायचा, काठी वाकायची, आणि हातात यायचा नुसता दोरा किंवा शेपूट फुटलेलं लाकूड.

डॉक्टरांना लागला तो मासा सगळ्यांनी पाहिला. एकदा पूर्ण पाण्याबाहेर आला, हातभर लांब, उन्हात पत्र्यासारखा चमकला. डॉक्टर गुडघाभर पाण्यात उतरले. चेहरा असा की वीस वर्षं या एका माशासाठीच दगडावर बसले होते. आणि काठी सरळ झाली. ते तसेच उभे राहिले, पाण्यात हात बुडवून, जणू मासा काही विसरला असेल आणि घ्यायला परत येईल.

थोरलीने मान खाली घातली. त्या सकाळी तेवढं एक तिला सोसलं नाही.

पण माणसं आता काठ चढून वर येत होती, हातांत फुगलेले मासे घेऊन, आणि धाकट्याच्या भोवती गोल होत होता.

"पाणी खराब आहे यंदा," धाकटा म्हणाला. "आणि तुम्हाला ओढायचं कळत नाही."

"मला ओढायचं कळत नाही?" शिंपी भडकला. "चाळीस वर्षं मी दोराच ओढतोय! बघ हे! शेपटीतून पाणी गळतंय बघ, लहान पोरासारखं!"

मास्तरांनी मासा हातात घेतला, शेपटीचं भोक बघितलं आणि वर्गात विचारावं तसं विचारलं, "हे भोक इथून पाडायचं कुणी ठरवलं?"

धाकट्याने चारी बाजूंना बघितलं. यावेळी वाक्याचं शेपूट पकडायला कुणीच पुढे येईना.

"नमुना माझा नाही!" तो म्हणाला. "दादाचा आहे. दादाने केलेला, दादाच्या भिंतीवरचा. मी फक्त तसाच उतरवला. चुकलं असेल तर दादाचं चुकलंय!"

थोरली स्टुलावरून उठली. कमरेवर हात नव्हता. "ऐकू नाही आलं भावोजी. कुणी केलेला?"

"दादाने, वहिनी. तुम्हाला तर माहितीये."

"मोठ्याने."

"दादाने! लंगडा दादाचा! मी कधी कोरायला बसलो? मला पटाशी धरता येते का?"

"मास्तर, लिहिलंत?" थोरली म्हणाली. "लिहा. आणि आता भिंतीवरचं ऐका." आणि तिने पंचवीस-तीस माणसांसमोर तिन्ही खिळ्यांची रीत सांगितली. जमलेला कुठे जायचा आणि फसलेला कुठे. मधला लंगडा कधी केला, काय झालं, कोणता मासा गेला. डॉक्टर काठावर येऊन उभे होते, कपडे ठिबकत होते. ते हळूच म्हणाले, "तो दिवस मला आठवतो. मीच होतो शेजारी. खिळ्याचं मात्र मला कधी सांगितलं नाही त्याने."

थोरलीने बादलीवरचं ताट काढलं. आत एक लंगडा तरंगत होता, तोंड वर, शेपूट खाली, गालाखाली लाल ठिपका. "काल सकाळपासून पाण्यात आहे. कोरलाय माझ्या लेकीने, हिच्या बापाच्या रीतीने, भोक पोटातून. रंग माझा." तिने तो उचलून डॉक्टरांच्या हातात दिला. हात जरासुद्धा थरथरत नव्हता, आणि शिंप्याने ते बघितलं. "डॉक्टर, तुमचा मासा माझ्यामुळे गेला. मला सगळं ठाऊक होतं आणि मी बोलले नाही. त्याबद्दल तुम्ही मला काय बोलायचं ते बोला, मी ऐकून घेईन. भोंगा व्हायला अजून वेळ आहे."

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं, चांगलं रागाने बघितलं, आणि लंगडा दोऱ्याला बांधला.

गोल मोडला. सगळे त्यांच्या मागे पाण्याकडे गेले. धाकटा एकटा राहिला, टोपी हातात. "वहिनी," तो म्हणाला, "घरातली गोष्ट होती. मला घरात बोलायचं होतंत. चार लोकांत माझं तोंड काळं करून काय मिळालं तुम्हाला?"

थोरलीने बादलीतलं पाणी त्याच्या पायाशी ओतलं, रिकामी बादली लेकीकडे दिली आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"भावोजी, घरातच विचारलं होतं मी. दोनदा. तिसऱ्यांदा विचारायला मी काय तुमची आई आहे? आता ऐका. आमच्या घरात फसलेला माल जाळत नाहीत आणि फेकतही नाहीत. टांगून ठेवतात, रोज दिसावा म्हणून. मधला खिळा रिकामा आहे. तुमच्या शेडवरची ती मूळ कारागिराची पाटी काढा आणि संध्याकाळच्या आत माझ्या दारात आणून लेकीच्या हातात द्या. ती अडकवेल. पाटी आत येईल, तुम्ही उंबऱ्याबाहेरूनच माघारी फिरायचं. आजपासून त्या घरात तुमचं जे काही आहे ते तेवढंच, त्या खिळ्यावर."